पाणी अजून तयार नाही

आमच्या घरमालकांच्या अंगणात पोहण्याचा तलाव होता आणि त्यात उतरायला सगळ्यांना बंदी होती. सगळ्यांना म्हणजे अगदी सगळ्यांना. शेजारपाजारच्यांना, वॉर्डातल्या नगरसेवकाला, पुण्याहून सुट्टीत आलेल्या त्यांच्या सख्ख्या नातीला. नात टॉवेल खांद्यावर टाकून काठाशी आली, तर हे दोन्ही हात आडवे करून उभे. "बेटा, मानूस उतरला का पानी बिघडते," ते म्हणाले. पोरगी चार दिवस बादलीने आंघोळ करून पुण्याला परत गेली.

मी तेव्हा बदली होऊन दिग्रसला आलो होतो आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. ते पाणीपुरवठ्याच्या फिल्टर प्लांटवर तीस वर्षं ऑपरेटर होते. गाव त्यांना फिल्टरकाका म्हणायचं, मीही तेच म्हणायला लागलो. उंच, वाळलेले, पायजम्यावर खाकी शर्ट आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी काचेची नळी. चहा पुढे आला की आधी हुंगत आणि विचारत, "कोनत्या पान्याचा हाय?" लग्नाच्या पंगतीत पाण्याचा ग्लास उजेडाकडे धरून पाहणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. भाजीला नावं ठेवली तर यजमान हसून सोडून देतो, पण पाण्याला नावं ठेवली की त्याला ते घराण्याला लागतं. काकांना लग्नाच्या पत्रिका कमीच यायच्या.

कॉलनी त्या तलावाला टाकं म्हणायची. आमच्याकडे नळ रोज यायचा नाही, त्यामुळे अंगणात एवढं पाणी दिसलं की लोकांना दुसरा शब्द सुचत नसे. "काका, टाकं भरलं का?" असं कोणी विचारलं की काकांच्या कपाळावरची शीर उडायची. "टाकं नोहे थे, पूल हाय! टाक्यात पानी साठते, पूलमधी पानी फिरते." हा फरक ते रोज समजावून सांगत आणि कॉलनी रोज विसरून जाई.

पण एक गोष्ट आधी सांगायला हवी. हा पूल हौसेचा नव्हता. काकूंचे दोन्ही गुडघे गेले होते. यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की ऑपरेशन टाळायचं असेल तर गुडघ्यावर वजन न पडता चालणं पाहिजे, कमरेएवढ्या पाण्यात, रोज अर्धा तास. काकूंना ऑपरेशनची भयंकर धास्ती. त्यांची थोरली बहीण गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर पुन्हा पायावर उभी राहिली नव्हती. "काहीबी करा, पन मले कापू नका," एवढंच त्या म्हणायच्या. काकांनी परतीच्या एसटीतच ठरवून टाकलं. मुलाने पुण्याहून फोन करून करून विरोध केला, तो न जुमानता त्यांनी अंगणातली दोन सीताफळाची झाडं पाडली आणि वीस फूट लांब, दहा फूट रुंद, साडेतीन फूट पाण्याचा पूल बांधला. बायकोच्या गुडघ्यांसाठी! हे ऐकल्यावर मला स्वतःची लाज वाटली. माझ्या बायकोची पाठ वर्षभर दुखत होती आणि मी तिला फक्त बाम आणून दिला होता.

"पानी तयार झालं का उतरवतोच तुले," काकांनी काकूंना शब्द दिला होता. "महिन्याभराची गोठ हाय."

मी राहायला आलो तेव्हा त्या महिन्याला वर्ष होऊन गेलं होतं.

काकू रोज सकाळी अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायच्या, पूलपासून दहा हात लांब, तुळशीजवळ. दोन्ही हात गुडघ्यांवर. शेंगा सोलता सोलता पाण्याकडे पाहायच्या. मी जाता-येता विचारायचो, "काय काकू, कधी उतरणार?" त्या हसून म्हणायच्या, "पानी तयार नाई नं अजून, भाऊ." हे त्या इतक्या सवयीने म्हणत की जणू दूध तापायला ठेवलंय.

काकांची नोकरी सुटली होती, पण नोंदवही सुटली नव्हती. पूलच्या भिंतीला खिळा ठोकून त्यांनी एक जाड वही टांगली होती. वेळ, हवामान, पाण्याचा रंग, फिल्टरचा दाब, शेरा, आणि शेवटी दोन सह्या. दुसरी सही माझी. "एकट्याची सही म्हन्जे चोरी," असं त्यांचं मत होतं. मी ऑफिसला निघताना एका पायात बूट घालून सही करायचो. पूलचं पाणी ताकासारखं दिसत असे आणि रंगाच्या रकान्यात काका लिहीत, 'किंचित धूसर'. मी सही ठोकायचो. ऑफिसात दिवसभर न वाचता सह्याच करायच्या असतात, तेव्हा घरून सुरुवात केलेली काय वाईट?

त्या वहीत एक नोंद मात्र मी स्वतः वाचली. मे महिन्यात दुपारी वांदरांची टोळी आली आणि कॉलनीच्या देखत पूलमध्ये यथेच्छ डुंबून गेली. काका काठी घेऊन पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यांनी वहीत लिहिलं, 'अनधिकृत प्रवेश : नऊ'. काकू खुर्चीवरून म्हणाल्या, "वांदराइतकंबी आपलं नशीब नाई." काका नळीत पाणी भरत होते, त्यांनी ऐकलं नाही.

हा माणूस अडाणी होता असं कोणी समजू नये. दुसऱ्यांच्या पूलसाठी त्यांच्यासारखा वैद्य नव्हता. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे ज्याच्याजवळ चार पैसे आले, त्याने आधी फार्महाऊस बांधलं आणि मग त्यात पूल खोदला. पूल खोदून झाला की पाहुण्यांना दाखवायचा आणि चौथ्या महिन्यात तो हिरवा झाला की काकांना फोन करायचा. कंत्राटदार, डॉक्टर, सगळे. काका बसने जात, पुसदपर्यंत. गेल्या गेल्या त्यांचं एकच वाक्य असे, "पान्याले काय झालं थे नका सांगू. तुमी काय केलं थे सांगा."

एका जिनिंगवाल्या शेठजींकडे मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. पोळा होऊन आठ दिवस झाले होते. शेठजींचा पूल म्हणजे शेवाळलेला नाला झाला होता, वर तवंग, आणि फिल्टरमधून पाणी पुढे सरकत नव्हतं. शेठजी छातीवर हात ठेवून सांगत होते, "काका, हमने कुछ नहीं किया. पानी आपोआप हिरवं झालं."

काकांनी वाद घातला नाही. फिल्टर म्हणजे वाळूने भरलेली एक मोठी टाकी. पंप पूलचं पाणी ओढतो, त्या वाळूतून दाबून काढतो आणि परत पूलमध्ये सोडतो. काकांनी टाकीचं झाकण उघडलं, कोपरापर्यंत हात घालून वाळू काढली. वाळू सुटी नव्हती, तिचे लाडू वळले होते. काकांनी एक लाडू नाकाशी धरला, डोळे मिटले.

"तूप हाय," ते म्हणाले. "हळदबी हाय. शेठजी, खांदशेकनी कोन्या बैलाची केली?"

शेठजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीने शेकतात आणि पोळ्याला बैल नदीवर नेऊन धुतात. शेठजींच्या सालदाराला नदी लांब पडली. तो मागेच उभा होता, त्याने सरळ सांगून टाकलं, "शेठच म्हने, बैलायलेबी पाहू दे नं आपलं फार्महाऊस. तीन जोड्या धुतल्या मी याच्यात. शेठनं त्याचा फोटोबी ठेवलता स्टेटसले."

काकांनी सगळी वाळू फेकायला लावली, नवी भरली, चार दिवसांत पूलचा तळ दिसायला लागला. शेठजी फार खूश झाले. त्यांनी काकांना पूलमध्ये उतरायचा आग्रह केला. काका म्हणाले, "मी कायले उतरू? आत्ताच तर चांगलं झालं थे."

मग असा माणूस स्वतःच्या अंगणात का हरत होता? मला तेव्हा याचं कोडं पडायचं, आणि खरं सांगायचं तर थोडी गंमतही वाटायची. काकांनी नागपूरहून पाणी तपासायची नवी पेटी मागवली होती. नळीत पूलचं पाणी घ्यायचं, त्यात एक गोळी टाकायची. पाण्यात क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं, जेवढं जास्त तेवढं गडद. काकांच्या नळीतलं पाणी काही केल्या गुलाबी होत नव्हतं. म्हणजे क्लोरीन नाही. मग ते टीसीएल टाकायचे, म्हणजे ती विहिरीत टाकतात ती पांढरी ब्लिचिंग पावडर. तीस वर्षं त्यांनी गावाच्या पाण्यात तीच टाकली होती, हात बसलेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळी, पुन्हा पाणी बिनरंगी. पुन्हा टीसीएल. पाणी पांढरं व्हायला लागलं तर काका म्हणत, "मळ फुटून राह्यला." आमच्या जिन्यातून चालताना डोळ्यांतून पाणी यायचं. कुंपणाजवळची जास्वंद जळाली. माझं नाक मला रोज खरं सांगत होतं, पण नोंदवहीत नाकाला रकाना नव्हता. मी सही करत राहिलो.

दरम्यान काकूंचं चालणं खुर्चीपासून स्वयंपाकघरापर्यंत उरलं. मुलगा पुण्याहून आला, दोन दिवस बापाशी भांडला आणि दिवाळीनंतरची ऑपरेशनची तारीख घेऊन गेला. काकांनी पंप रात्रंदिवस चालू केला. काकू मला म्हणाल्या, "भाऊ, तुमी तरी सांगा नं यायले. दिवाळीच्या आत एकडाव तरी उतरू द्या मले पान्यात." त्या रडल्या नाहीत, पण त्यांचा आवाज ऐकून मी वर जाऊन बराच वेळ दार लावून बसलो.

नवरात्रात काकूंनी ठरवलं की पाण्याची ओटी भरायची. आपल्याकडे बायका नदीची, विहिरीची ओटी भरतात, त्यात वावगं काही नाही. पण काका अडून बसले. नारळ नको, त्याच्या शेंड्या पंपात अडकतात. फुलं नको, कुजतात. कुंकू तर नकोच, त्यात रंग. देवीशी एवढी घासाघीस मी दुसऱ्या कोणाला करताना पाहिली नाही. शेवटी असं ठरलं की पूलमधलं तांब्याभर पाणी काढून आणायचं आणि काकूंनी खुर्चीवर बसल्या बसल्या ताटातच त्याची पूजा करायची. शेजारच्या चार जणी आल्या. काकूंनी ताटात चिमूटभर हळद ठेवली आणि तिच्यावर तांब्यातलं पाणी सोडलं.

हळद लालभडक झाली.

"देवी पावली वं माय!" शेजारची बाई ओरडली आणि ताटाच्या पायाच पडली. दुसरीला वाटलं देवी कोपली, ती दोन पावलं मागे सरकली. काकू मात्र ताटाकडे पाहत होत्या, बाई धुण्याचे कपडे निवडताना पाहते तशा.

"कोनी पावली नाई आन कोपली नाई," त्या म्हणाल्या. "हळदीचा पदर साबनानं धुतला का असाच लाल होते. अवो, तुमचं पानी साबनावानी झालं हाय. पान्याले काय झालं थे नका सांगू. तुमी काय टाकून राह्यले थे सांगा!"

काकांनी तोंड उघडलं तेवढ्यात ताटातला लाल रंगही विरायला लागला. पाहता पाहता पिवळा झाला, मग तोही गेला. ताटात पांढरट पाणी राहिलं, हळद टाकलीच नव्हती असं. काका गुडघ्यावर बसले आणि ताटाला नाक लावून पाहायला लागले.

"रंग खाल्ला यानं," ते हळूच म्हणाले. "हळदीचा रंग खाल्ला. मंग गोळीचा गुलाबीबी खातच असन."

ते उठले, घरात गेले, पिण्याच्या पाण्याचा हंडा घेऊन आले. नऊ भाग हंड्यातलं पाणी आणि एक भाग पूलचं, असं नळीत घेऊन गोळी टाकली. नळी डाळिंबासारखी लाल झाली. पूलमध्ये क्लोरीन नव्हतं असं नाही, इतकं होतं की ते आपल्याच तपासणीचा रंग गिळत होतं. आणि काका रोज भर टाकत होते. बोअरच्या क्षाराच्या पाण्यात एवढी पावडर गेल्यावर ते दुधासारखं होणारच.

काकू त्यांना खूप काही बोलू शकल्या असत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "तिकडं प्लांटवर तुमी टाकलं का पानी गावात निंघून जाये. कोनाच्या पोटात काय गेलं, कोनी येऊन सांगतलं तुमाले? हे पानी फिरून तुमच्याच दारात येते." त्या दिवशी मला कळलं की या घरातली रसायनशाळा तुळशीजवळच्या खुर्चीवर होती.

इलाज सोपा होता आणि काकांना सगळ्यात अवघड. काही करायचं नाही. थोडं अॅसिड मोजून सोडायचं, पंप चालू ठेवायचा आणि बाकी उन्हाला करू द्यायचं. ऊन क्लोरीन खातं. आमच्याकडे उन्हाची काय कमतरता? पण तीस वर्षं सरकारी नोकरीत राहून ज्याने एक दिवसही काही न करता काढला नव्हता, त्या माणसाला आता दहा दिवस रिकामं बसायचं होतं. नोकरीत हे कित्येकांना सहज जमतं. काकांना जमेना. टीसीएलच्या डब्याची किल्ली त्यांनी माझ्याकडे आणून दिली. "मी मांगितली तरी देजो नका," म्हणाले. तिसऱ्या दिवशी मागायला आले. मी दिली नाही.

दसरा गेला आणि कोजागिरीच्या आदल्या सकाळी मी गॅलरीत आलो तर खाली पूलच्या तळाच्या फरशा दिसत होत्या. एक एक फरशी, तिच्यावरच्या रेघांसकट. काका काठावर उभे होते, हात मागे बांधून. मी खाली धावलो.

"काका, झालं की! बोलवा काकूंना."

"आजचा दिवस पाहू द्या," ते म्हणाले. "काय दिसून राह्यलं पाहा. याच्यात पाय टाकाव वाटते का कोनाले?"

मला राग आला. असा राग मला ऑफिसात कधी येत नाही, तिथे तो येऊन उपयोग नसतो. मी म्हणालो, "काका, हे तुम्ही पाण्यासाठी बांधलंय की काकूंसाठी? वीस दिवसांनी त्यांना नागपूरला नेऊन गुडघे कापणार आहेत. पाहत बसा मग तुमचं पाणी." जास्तच बोललो. भाडेकरू घरमालकाशी बोलत नाही असा बोललो. काकांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "अवं, ये. पानी तयार हाय."

कॉलनी जमायला वेळ लागला नाही. काकूंनी जुनं लुगडं नेसलं होतं. एका बाजूला मी, एका बाजूला शेजारची बाई, असं धरत धरत त्या तुळशीपासून पूलपर्यंत आल्या. दीड वर्षात पहिल्यांदा त्या काठाशी उभ्या होत्या. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, मनापासून हसल्या. "लय चांगलं केलं तुमी," काकांना म्हणाल्या. मग त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"उतरू कोठून?"

काकांनी बोट दाखवलं. कोपऱ्यात स्टीलची शिडी होती, उभी, भिंतीला चिकटलेली, गोल दांड्यांची. काठाकडे पाठ करून, एका पायावर सगळं वजन टाकून, दुसरा पाय खाली सोडायचा. मी ती शिडी रोज पाहत होतो. कॉलनी पाहत होती. तपासणीची पेटी पोचवायला आलेला नागपूरचा माणूस पाहून गेला होता. ज्या बाईला घरातला उंबरा ओलांडायला दोन माणसं लागतात, ती या शिडीने उतरणार होती.

काकांची नजर शिडीवरून काकूंच्या पायांवर आणि पायांवरून शिडीवर जात होती.

"तुले कधी समजलं?" त्यांनी विचारलं.

"ज्या दिवशी शिडी बसवली त्या दिवशीच."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी पान्याचं विचारत होते सगळ्यायले," काकू म्हणाल्या. "मले कोठं विचारलं?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मलाही लागलं. इतके महिने मी येता-जाता त्यांना कधी उतरणार ते विचारत होतो, कशा उतरणार ते एकदाही नाही. काकूंना पुन्हा खुर्चीवर नेऊन बसवलं. कॉलनी पांगली. काका संध्याकाळपर्यंत काठावरच बसून होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंपाच्या आवाजाने जाग आली. खाली पाहतो तर काकांनी पूल रिकामा करायला घेतला होता. पाईप गल्लीत सोडलेला आणि कॉलनी ड्रम, बादल्या, घागरी घेऊन रांगेत. ज्या पाण्यात काकांनी नातीला पाय बुडवू दिला नाही, तेच पाणी ते स्वतः पाईप धरून लोकांच्या भांड्यांत भरत होते. "पिऊ नका, कपडे धुवा," एवढंच प्रत्येकाला सांगत होते. कोणीतरी म्हणालं, "काका, टाकं खाली करून राह्यले का?" काका म्हणाले, "हो, टाकं खाली करून राह्यलो."

दुपारी मिस्त्री आला. कोरड्या पूलमध्ये उतरून त्याने पायऱ्यांची आखणी सुरू केली. सहा इंचाची पायरी काढतो म्हणाला, सगळीकडे तीच असते. काकांनी त्याला थांबवलं. खुर्चीसकट काकूंना काठाजवळ आणलं, उभं केलं, त्यांचा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि स्वतः टेप घेऊन त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले.

"उचल पाय. जेवढा दुखल्याबिगर उचलते तेवढाच."

काकूंनी उजवा पाय उचलला. माझ्या खांद्यावर त्यांची बोटं रुतली. काकांनी तळव्याखाली टेप धरला.

"जास्त उचलू नको. खरं सांग, दुखलं?"

"जरा."

"खाली घे मंग. आजून खाली. आता?"

"आता नाई."

"साडेतीन इंच," काका मिस्त्रीला म्हणाले.

मिस्त्री हसला. "साडेतीनची पायरी कोनी बांधत नाई, काका. अर्धा पूल पायऱ्यायतच जाईन."

"जाऊ दे," काका म्हणाले, आणि मान वर न करता काकूंना म्हणाले, "आता डावा उचल."